मिल्ट्री आबा गेले. साखर पेठेतल्या जुन्या लोकांनी आठवणी असतील तर लिहा

साखरपेठी_नातू
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. आमचे आबा, म्हणजे माझ्या वडलांचे वडील, मागच्या मंगळवारी पहाटे गेले. ९३ वं चालू होतं. आजारी असे नव्हतेच, दोन महिने जेवण कमी कमी होत गेलं, शेवटचे चार दिवस नुसती पेज आणि पाणी, आणि मंगळवारी काकड्याच्या वेळेला आजीने हाक मारली तर ओ आली नाही.

धागा काढायचं कारण वेगळंय. अंत्यविधीच्या फोटोसोबत कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरवलाय की आबांना वीरचक्र मिळालं होतं, त्यांनी एकट्यानं बंकर घेतला वगैरे. चांगल्या भावनेनं लिहिलं असेल पण ते खरं नाही. आबांना शौर्यपदक नव्हतं. ट्रंकेत रुमालात बांधलेली पदकं आहेत ती पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हाचं पदक, म्हणजे ७१ च्या बांगलादेश युद्धात असलेल्या हजारो जवानांना मिळाली तीच. आबा स्वतः असल्या बाबतीत फार कडक होते, कुणी "सुभेदार मेजर साहेब" म्हटलं तर थांबवून सांगायचे, मी नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो, मेजर मध्ये घालू नका. म्हणून वाटलं की माणूस जसा होता तसा कुठंतरी लिहून ठेवावा, नाहीतर पाच वर्षांनी आमचीच पोरं तो मेसेज खरा धरतील.

थोडक्यात सांगतो. जन्म १९३२, मंगळवेढा तालुका, कोरडवाहू ज्वारीचं रान, पाच भावंडं. १९५१ ला बेळगावला जाऊन मराठा लाईट इन्फंट्रीत भरती. १९७४ ला पेन्शनवर आले आणि सोलापुरात साखर पेठेत खोली घेतली, एका मिलमध्ये सिक्युरिटीत लागले, मुलगे दोन मुलगी एक, सगळी इथंच शिकली. पेन्शनवर आल्या वर्षी माळ घातली, आणि १९७५ पासून २०१५ पर्यंत आषाढीच्या ४१ वाऱ्या केल्या. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूर मुक्कामी आली की आबा त्यात सामील व्हायचे आणि तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा करत पंढरपूर. त्या पालखीची शिस्त त्यांना फार आवडायची, रांगा सरळ, पांढरे कपडे, टाळ एका ठेक्यात. म्हणायचे बेळगावच्या ड्रिल ग्राउंडची आठवण येते.

ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहा.

कडक_भाकरी
भावपूर्ण श्रद्धांजली. आबांना लांबून बघितलंय, कन्ना चौकाकडून पहाटे चालत यायचे, हातात काठी असायची पण टेकायचे नाहीत, नुसती काखेत. आम्ही पोरं घड्याळ लावायचो त्यांच्यावर.

विणकर_पूर्वभाग
अरे देवा. मला आज कळतंय हे. मी आता पुण्यात असतो पण आमचं घर तुमच्या बोळात तिसरं होतं, खाली दोन माग आणि वर आम्ही सात जण. आम्ही तेलुगू लोक, घरात सगळे त्यांना मिल्ट्री ताता (ताता म्हणजे आजोबा) म्हणायचो आणि ते आमच्या आजीशी मोडक्या तेलुगूत बोलायचे, मला वाटायचं आमच्याकडून शिकले असतील पण ते म्हणाले पलटणीत एक मद्रासी क्लार्क होता त्याच्याकडून थोडी तमिळ आणि तुमच्याकडून थोडी तेलुगू, दोन्ही मिसळून बोलतो, तुमची आजी समजून घेते.

माझी आठवण फॉर्मची. आमचे वडील ज्या मिलमध्ये होते ती बंद पडली तेव्हा बोळातली निम्मी माणसं एका दिवसात घरी बसली. नाव घेत नाही मिलचं, सोलापुरात कुणाला सांगायला नको त्या वर्षांबद्दल. पीएफचे फॉर्म इंग्रजीत, आणि आमच्या वडलांना तेलुगू सोडून काही वाचता येत नव्हतं. मिल्ट्री ताता रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे, चष्मा, निळं पेन, खाली पुठ्ठा, आणि एकेकाचा फॉर्म भरायचे. नुसता भरून द्यायचे नाहीत हं. प्रत्येकाला सही करायला शिकवायचे. आमच्या वडलांना म्हणाले अंगठा चालेल पण पैसे तुमचे आहेत, सही तुमची पाहिजे, चार दिवस उशीर झाला तरी चालेल. वडलांनी चार दिवस जुन्या पेपरवर सही गिरवली. मराठीत. ती सही मी आजही ओळखतो कारण 'र' त्यांनी मिल्ट्री तातांसारखा काढला होता, खाली लांब शेपटी ओढून.

साखरपेठी_नातू
@विणकर_पूर्वभाग तुमचं घर आठवतं मला. मागाचा आवाज थांबला की आबा वर बघायचे, काय झालं म्हणून. आणि तो 'र' आमच्या वडलांचा पण तसाच आहे.

ज्वारीचं_कणीस
विनम्र अभिवादन. ७१ ला कुठं होते आबा? घरी कधी सांगितलं का लढाईबद्दल?

साखरपेठी_नातू
१ मराठा, जंगी पलटण. जमालपूर, आताच्या बांगलादेशातलं. पण सांगायचे फार कमी. आम्ही लहानपणी मागं लागायचो, तेव्हा ठराविक तेवढंच सांगायचे, ब्रह्मपुत्रा रात्री गावठी होड्यांतून ओलांडली, डिसेंबरचा गारठा, बूट गळ्यात अडकवलेले, नावाडी तिथले बंगाली लोक, त्यातला एक म्हातारा दर फेरीला अल्लाचं नाव घेऊन होडी सोडायचा आणि आबा पांडुरंगाचं. मग जमालपूरच्या मागच्या रस्त्यावर जाऊन बसलो. "ते अंधारात बाहेर पडायला आले." इथपर्यंत यायचं आणि थांबायचं. पुढं एक शब्द नाही. मी एकदा, कॉलेजात असताना, हट्ट केला की पुढं काय झालं ते सांगा, तर माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले सकाळ झाली. परत विचारलं नाही मी.

निवृत्त_फौजी
साहेबांना सॅल्यूट. मी मराठ्यातलाच, पण दुसरी पलटण आणि बराच नंतरचा. जमालपूरबद्दल आम्हाला बेळगावला ट्रेनिंगमध्येच सांगतात म्हणून थोडं लिहितो, नातवाला उपयोग होईल.

१ मराठा तेव्हा ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती, सीओ म्हणजे पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच, चांगली मोर्चेबंदी करून बसलेली. समोरून धडक मारण्यापेक्षा नदी ओलांडून त्यांचा ढाक्याकडं जायचा रस्ता अडवायचा असा बेत होता. ब्रिगेडिअर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर समोरच्या कर्नलनं उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली, हे प्रसिद्धच आहे. मग १० डिसेंबरच्या रात्री ते बाहेर पडायला आले ते थेट मराठ्यांच्या अंगावर. रात्रभर चाललं. ११ ला सकाळी जमालपूर पडलं. तुमचे आजोबा "सकाळ झाली" म्हणाले ना, ती ही सकाळ. त्याच दिवशी संध्याकाळी टांगाईलला २ पॅरा ही आपली पलटण पॅराशूटनं उतरली, पुढं मराठे त्यांना जाऊन मिळाले आणि १६ ला ढाक्यात. पलटणीला 'जमालपूर' हा बॅटल ऑनर आहे.

नायब सुभेदारबद्दल एक, १९६५ पर्यंत त्या हुद्द्याला जमादार म्हणायचे, जुनी कागदपत्रं बघताना गोंधळू नका.

आणि आता कामाचं. आजींची फॅमिली पेन्शन. मृत्यूचा दाखला मिळाला की उशीर करू नका, बँकेत कळवा, पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) आजींचं नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच आहे का ते बघा, ९० टक्के अडचण तिथंच येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते मदत करतात. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड पण आजींच्या नावानं अपडेट करून घ्या.

एक गोष्ट मात्र विचारतो. माळ पेन्शनवर आल्यावर का घातली? आमच्या पलटणीत कितीतरी माळकरी होते, लंगरमध्ये त्यांचं वेगळं व्हायचं, कुणी अडवत नव्हतं.

साखरपेठी_नातू
@निवृत्त_फौजी साहेब फार फार आभार. क्रम आज नीट कळला, घरी वाचून दाखवतो.

पेन्शनचं सांगतो. पीपीओत आजीचं नाव खरंच चुकलेलं होतं, माहेरचं नाव पडलं होतं. पण आबांनी ते स्वतःच दुरुस्त करून घेतलं, ७४ वर्षांचे होते तेव्हा, चौदा महिने एका ऑफिसला चकरा मारल्या. प्रत्येक अर्जाची पोचपावती फाईलमध्ये लावलेली आहे, वर कागदावर लिहिलंय "मी गेल्यावर हे घेऊन जाणे", आणि खाली कोणत्या क्रमानं काय द्यायचं ते. काल आम्ही बँकेत गेलो, अर्ध्या तासात काम झालं. बाहेर आल्यावर वडील पायरीवर बसले आणि तिथं पहिल्यांदा रडले, त्या दिवशी स्मशानात रडले नव्हते.

माळेचं मी पण विचारलं होतं. आबा म्हणाले, "बाकीच्यांचं बाकीच्यांना ठाऊक. मला हातात रायफल असताना गळ्यात माळ पटत नव्हती." एवढंच. नोकरीत असताना हरिपाठ मात्र रोज म्हणायचे, गस्तीवर असले तरी ओठ हलायचे म्हणे. मला अजून कळत नाही त्यांचं बरोबर होतं का तुमच्या माळकरी जवानांचं. दोन्ही खरं असेल.

निवृत्त_फौजी
समजलं. आमच्यातला एक हवालदार उलटं म्हणायचा, की रायफल आहे म्हणूनच माळ पाहिजे. पण आजोबांच्या बोलण्याला मी नाही म्हणणार नाही, ते त्या रस्त्यावर बसलेले होते, मी नव्हतो.

बाळीवेसकर
आम्ही लिंगायत, घरी कन्नड, आमच्याकडून नंदीध्वजाला माणसं असतात पिढ्यानपिढ्या. गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, तुमचे आबा दरवर्षी अक्षतेला संमती कट्ट्यावर असणारच. वारकरी माणूस पण सिद्धरामेश्वरांच्या लग्नाला पांढरी बाराबंदी घालून यायचे, आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा आवाज काढायचे की पुढचे लोक मागं वळून बघायचे. मी एकदा विचारलं आबा तुमचा देव तर पंढरपूरचा, ते म्हणाले मी ज्या गावचं पाणी पितो त्या गावच्या देवाच्या लग्नाला जायचं नाही का.

अजून एक. १२ जानेवारीला, जत्रेच्या तोंडावर, ते चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी यायचे. हार वगैरे नाही, नुसते सावधानमध्ये उभे राहायचे आणि जायचे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चारही नावं म्हणायचे, मोठ्यानं, शाळेतल्या हजेरीसारखी. १९३१ ला येरवड्यात फाशी गेले तेव्हा आबा जन्मले पण नव्हते. माझ्या मुलाला ती चार नावं आबांमुळं पाठ झाली, शाळेमुळं नाही.

आणि किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे झोपलेले, पहाटे चारच्या आधी घर हललं, भांडी पडली. आम्हाला वाटलं आपल्याकडंच काय झालं. दुपारी कळलं. आमच्या गल्लीतून चादरी, भाकरी, शेंगा चटणी असा ट्रक निघाला, आबा साठीच्या पुढचे, म्हणाले मी येतो. आम्ही पोरं तिथं पोचल्यावर नुसते उभे राहिलो हो, काही सुचेना, एवढे दगड आणि खाली माणसं. आबांनी पाच पाचच्या टोळ्या केल्या, कुणी दगड उचलायचा, कुणी पाणी, कुणी नुसतं ऐकायचं, खालून आवाज येतो का. "अर्ध्या तासानं सगळे गप्प" म्हणायचे आणि मग सगळं थांबवून ऐकायचं. तीन दिवस होतो. परत येताना ट्रकमध्ये हरिपाठ म्हटला, आम्हाला येत नव्हता तरी आम्ही मागं म्हटला.

साखरपेठी_नातू
किल्लारीचं आम्हाला एवढं माहीतच नव्हतं. घरी फक्त "चादरी पोचवल्या" एवढंच सांगितलेलं.

मंगळवेढ्याची_लेक
मी तुमच्या आजीच्या माहेरच्या गावची, नात्यानं लांबची भाची लागते. सगळे आबांबद्दल लिहायलेत, मला आजीबद्दल पण वाचायचंय. आमच्याकडं अजून सांगतात की ७२ च्या दुष्काळात त्या तीन लेकरं घेऊन रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायच्या आणि दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायकांची पत्रं वाचून दाखवायच्या. त्या काळात आमच्या गावात सून वाचते म्हणजे नवल होतं. कुणी शिकवलं त्यांना?

साखरपेठी_नातू
@मंगळवेढ्याची_लेक मावशी, हे लिहायचंच होतं, कुठून सुरू करावं कळत नव्हतं.

लग्न १९५५ ला. आजी १७ वर्षांची, शाळेत एक दिवस गेलेली नाही. आबा लग्नानंतर वीस दिवसांत परत पलटणीत. पत्र यायचं, आंतरदेशीय, पत्त्यात गावाचं नाव नाही नुसता एपीओचा (लष्करी पोस्टाचा) नंबर, आणि ते पत्र पोस्टमन अंगणात उभा राहून मोठ्यानं वाचायचा. सासू, सासरे, दीर, शेजारची चार माणसं, आणि आजी दाराआड. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र सगळ्यात शेवटी बायकोला कळायचं, आणि त्यात तरी काय असणार, "पांडुरंगाच्या कृपेने खुशाल, वडीलधाऱ्यांस नमस्कार". सगळ्यांसमोर वाचणार म्हणून ते तरी दुसरं काय लिहिणार.

पुढच्या सुट्टीत आजीनं धीर करून सांगितलं की तुमचं पत्र माझ्यापर्यंत येतच नाही. आबांनी मंगळवेढ्याच्या बाजारातून पाटी-पेन्सिल आणली. पण अ आ इ नाही शिकवलं. आजीला हरिपाठ तोंडपाठ होता, ऐकून ऐकून. आबांनी हरिपाठाचं पुस्तक पुढं ठेवलं आणि म्हणाले तू म्हण, मी बोट ठेवतो. शब्द तिला येतच होते, फक्त तो शब्द दिसतो कसा ते बघायचं. रात्री कंदील लावून, दोन महिन्यांची सुट्टी. दिवसा सासूला कळू नये म्हणून पाटी कणगीत. त्या सुट्टीत निम्मं झालं, पुढच्या सुट्टीत बाकीचं. त्यानंतरची पत्रं पोस्टमनच्या हातून आजी बंद घ्यायची आणि आत जाऊन वाचायची.

डिसेंबर ७१ चं पत्र आहे आमच्याकडं. लढाई संपल्यावर लिहिलेलं, पेन्सिलीनं, जानेवारीत मिळालं. चारच ओळी. आजी म्हणते मजकूर मी वाचलाच नाही आधी, अक्षर बघितलं, अक्षर सरळ होतं, म्हणजे हात शाबूत आहेत.

आणि २०१६ नंतर काचबिंदूनं आबांची नजर गेली, उजेड-अंधार तेवढा कळायचा. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता आजी हरिपाठ वाचायची आणि आबा ऐकायचे. दोघांनाही पाठ आहे हो, पुस्तकाची गरजच नाही. तरी आजी पुस्तक उघडूनच वाचायची, आणि आबांचं बोट तिच्या मनगटावर. गेल्या नऊ वर्षांत मी तरी एक दिवस चुकलेला बघितला नाही. २०२० ला लॉकडाऊनमध्ये वारी नाही म्हटल्यावर १ जुलैला, आषाढीला, आम्ही त्यांना गच्चीवर नेलं, पश्चिमेकडं तोंड करून उभे राहिले, पंढरपूर तिकडंच ना आपल्याकडून, आणि आजीनं तिथंच उभं राहून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस अभंग वाचले.

परवा ट्रंक उघडली. पदकांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता, आजीनं आबांना लिहिलेलं पहिलं पत्र. काना मात्रा निम्म्या गायब. जसंच्या तसं लिहितो: "शेळी वयाली. दोन करड. पाउस नाही. तुमी या."

कडक_भाकरी
ऑफिसात वाचतोय हे. थोडं थांबून परत वाचतो.

विणकर_पूर्वभाग
म्हणजे आमच्या वडलांना सही शिकवणारा माणूस चाळीस वर्षं आधीपासून हेच करत होता. मी रविवारी सोलापूरला येतोय, आजींना भेटायचंय, चालेल का.

बाळीवेसकर
आजींना नमस्कार सांगा. आमच्या आईनं विचारलंय की दशक्रिया कधी आहे.

साखरपेठी_नातू
सगळ्यांचे आभार. दशक्रिया गुरुवारी सकाळी, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो, जेवायला थांबायचंच.

काल रात्री हा धागा आजीला वाचून दाखवायला बसलो तर तिनं मोबाईल हातातून घेतला, म्हणाली अक्षर मोठं कर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला दिसतं चांगलं. दीड तास लागला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, किल्लारीचं दोनदा वाचलं. मग दुरुस्त्या सांगितल्या, त्या लिहितो.

एक, वाऱ्या ४१ नाहीत, ४० आहेत. १९८४ ला आत्याचं बाळंतपण अवघड होतं, दवाखान्यात आठ दिवस, आबा पालखीला गेले नाहीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपले. पालखी सोलापुरातून गेली तेव्हा दर्शनाला सुद्धा उठून गेले नाहीत. आजी म्हणाली चुकीचा आकडा ठेवू नको, त्यांना चालायचं नाही.

दोन, पाटी कणगीत नाही, चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायची. कणगीत ठेवली असती तर सासूला पहिल्या दिवशी सापडली असती.

तीन, "वयाली" लिहिलं कारण तोपर्यंत जोडाक्षरं झाली नव्हती, ती दुसऱ्या सुट्टीत शिकवली. पत्र त्यांनी ठेवलंय हे तिला माहीत नव्हतं. थोडा वेळ हातात धरून बसली, मग म्हणाली त्या दोन करडांतलं एक पुढं लांडग्यानं नेलं, ते मी कळवलंच नाही, ते उगाच तिकडं काळजी करत बसले असते.

@विणकर_पूर्वभाग रविवारी या, आजी म्हणते वडलांचा सहीचा कागद असेल तर घेऊन या. @निवृत्त_फौजी साहेब, तुमची पोस्ट तिनं वाचली आणि विचारलं ११ तारखेची सकाळ म्हणजे वार कोणता. मी कॅलेंडर बघून सांगितलं शनिवार. मान हलवली फक्त.

पालखी सोलापुरात आली की मी आणि वडील जाणार आहोत, चालायची सवय नाही, तिऱ्ह्यापर्यंत तरी जाऊ असं ठरलंय. आजी म्हणाली मंगळवेढ्यापर्यंत जा, तिथं तिच्या बहिणीकडं मुक्काम करा, आबांचे टाळ घेऊन जा आणि येताना बहिणीकडून गुडघ्याचं तेल आणा, मागच्या वेळचं संपलंय.